अकरा वाट्या सूप परत गेलं, त्याची हकीकत

वडीलबंधू सेल्मर दादा यास,

धाकट्या आर्डिसचा नमस्कार. (म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या गावात रस्त्यापलीकडून मान एक इंच हलवून करतात तोच. मिठ्याबिठ्या मारायला आपण काही टेक्सासचे नव्हे.) तुझा मोडलेला खुबा कसा आहे? वॉकर धरून दारापर्यंत जातोस असं इस्पितळातली नर्स म्हणाली. तू मात्र फोनवर "बरा आहे" एवढंच बोललास. पण बैलानं तुडवलं होतं तेव्हाही तू "बरा आहे" असंच म्हणाला होतास, त्यामुळे माझा नर्सवर जास्त विश्वास आहे. इकडे थंडी उणे तीसवर गेली आहे. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रोज वीज जोडून ठेवावी लागते. बाकी माझं ठीक.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलंय की पंधरा तारखेला तुला तिथून सोडणार. घरात शुश्रूषा शिकलेलं माणूस असेल तर शेतावर, नाहीतर सरळ तालुक्याच्या वृद्धाश्रमात. मी येऊ का, असं फोनवर तुला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू "नको, कशाला एवढ्या लांब" म्हणालास. तर दादा, ऐक आणि उठून बसू नकोस, खुब्याला धक्का लागेल. मी एकोणसाठाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. कम्युनिटी कॉलेजात, नर्सिंग असिस्टंटच्या वर्गात. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना बटाटे वाढले, माणसाला भरवायला मला काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी गेले. पहिल्याच तासाला माझी दातखीळ बसली.

वर्गात सहा पलंग आणि प्रत्येकावर एक रबरी पेशंट. माझ्या पलंगावरच्या बाईंना आधी दार वाजवून विचारायचं, आत येऊ का. दार नाही, नुसता पडदा, तरी हवेत टकटक करायची. मग नाव सांगायचं, परवानगी मागायची, वीस सेकंद हात धुवायचे, आणि जे जे करणार ते मोठ्यानं बोलून करायचं. (दादा, मी लायलशी एकतीस वर्षं संसार केला, त्यात एवढं बोलले नाही.) मग आमच्या बाई, मिसेस ट्रेव्हिन्यो, आल्या. त्या टेक्सासच्या, इकडचा पहिलाच हिवाळा, वर्गातसुद्धा दोन कोट घालून शिकवतात. त्यांनी माझ्या रबरी बाईंची चादर दूर केली, नको तिथला भाग खटकन ओढून काढला, आणि डब्यातून दुसरा काढून तिथं बसवला. म्हणाल्या, आता हे मिस्टर झाले, यांची स्वच्छता करून दाखव. माझे डोळे पांढरे झाले! सकाळभर ज्यांना मी मॅडम मॅडम करत होते, त्यांचे एका झटक्यात मिस्टर! मी भिंतीकडे बघत सगळं आटोपलं. बाई म्हणाल्या, आर्डिस, तू आत्ता त्यांचा गुडघा धुतलास.

असो. ह्यातून मी तरले. (आता ते दोन भाग मी स्वतः बदलते. आई असती तर तिनं पाद्रीबाबांना बोलावलं असतं.) खरी आफत पुढेच होती.

तुला ठाऊक आहे, आपल्याकडे कुणी काही विचारलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको, त्रास कशाला म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा, बरं, अगदी थोडंच, म्हणून दोनदा वाढून घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस आपल्या चर्चमध्ये तरी मी पाहिलेला नाही. तर मी सरावाच्या वेळी पेशंट झालेल्या पोराला कॉफी विचारली. तो इथलाच, नको म्हणाला. मी परत विचारलं. नको म्हणाला. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिसेस ट्रेव्हिन्यो दोन कोटांसकट माझ्यावर धावून आल्या. पेशंट नको म्हणाला की विषय संपला! नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे, कायदा आहे, तू हक्क पायदळी तुडवतेस! पुन्हा असं झालं तर वर्गातून नाव काढेन. सगळ्यांसमोर बोलल्या. मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मी, हक्क तुडवणारी! त्या पोराची कॉफी मात्र हुकली. तो रबरी मिस्टरांच्या शेजारी केविलवाणा बसून राहिला.

नाव निघालं तर सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही तर तू वृद्धाश्रमात. मी मुकाट्यानं ठरवलं, कायदा तर कायदा. पुढच्या आठवड्यात आम्हाला खऱ्या वृद्धाश्रमात पाठवलं, आणि दुपारच्या जेवणाचं एक अख्खं टेबल माझ्याकडे आलं. अकरा म्हातारी माणसं, सगळी आपल्याच भागातली, आडनावं ऐकून तुला घरी आल्यासारखं वाटलं असतं. मी पहिल्या आजींना विचारलं, सूप देऊ? नको गं, मी बरी आहे. मी कागदावर लिहिलं, नकार. दुसऱ्यांना विचारलं. नको, दुसऱ्या कुणाला दे. नकार. तिसऱ्या, चौथ्या... अकराच्या अकरा नकार! पाव विचारला, अकरा नकार. केक विचारला, तर नको म्हणताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतके सगळे सज्जन. मी अकरा वाट्या गाड्यावर ठेवल्या आणि स्वयंपाकघरात परत पाठवल्या. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एवढं अन्न परत गेलं नव्हतं दादा, काळजाला घरं पडली.

पाच मिनिटांत हेडनर्स पळत आल्या. एका टेबलावरची अकरा माणसं जेवत नाहीत म्हणजे साथ आली, असं त्यांना वाटलं. दारं बंद केली, तोंडाला फडकी बांधली, अकरा जणांचा ताप बघितला, पोटं दाबून बघितली. भेटायला आलेल्या एका सुनेला पार्किंगमध्ये थांबवलं. अकराही जणांना काही झालेलं नाही, नुसती भूक लागलेली! शेवटी एंगेब्रेट नावाचे ब्याण्णव वर्षांचे आजोबा होते, तोंडातला थर्मामीटर काढून हळूच म्हणाले, "तिची काही चूक नाही हो. ती एकदाच विचारून गेली." (आणि बाकी दहा जणांनी माना हलवल्या. कुणाची तक्रार नाही. तीच तर आपली रीत.)

मिसेस ट्रेव्हिन्योंना ही रीत समजावून सांगताना मला घाम फुटला. त्या डोक्याला हात लावून बसल्या. मग विचारलं, म्हणजे डिसेंबरपासून लोक मला कॉफी विचारतायत आणि मी लगेच हो म्हणतेय, ते मला काय समजत असतील? मी म्हटलं, काही नाही, थोडी हावरट. बिचारीचा चेहरा बघवेना. पण बाई आहेत हुशार. त्यांनी तोडगा काढला: एकदा विचार, नकार लिही, निघून जा, दहा मिनिटांनी परत येऊन नव्यानं विचार. कायदाही राहिला आणि रीतही. त्या दिवशी आमचं जेवण पावणेतीनला उरकलं, पण वाट्या चाटूनपुसून.

आता परीक्षा. इथे मी जे केलं ते लिहायला हात उचलत नाही. माझी जोडीदारीण होडन. सोमालियातून लहानपणी आलेली, तेवीस वर्षांची, मला मावशी म्हणते, आणि हुशार इतकी की पलंगावर माणूस झोपलेला असताना त्याच्याखालची चादर बदलते आणि त्याची झोप मोडत नाही. परीक्षेत एकीनं पेशंट व्हायचं, दुसरीनं सेवा करायची. आधी मी पेशंट. परगावहून आलेल्या परीक्षकबाई कागद लावलेली पाटी घेऊन उभ्या, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. होडननं हात धुतले, मला टेकवून बसवलं, आणि भरवायच्या आधी विचारलं, मावशी, आधी पाणी देऊ का? सकाळपासून भीतीनं माझ्या घशाला कोरड पडलेली. आणि माझ्या तोंडातून निघालं, "नको नको, राहू दे."

मलाच धक्का बसला! तिचा हात ग्लासावर तसाच राहिला. दहा मिनिटांनी परत यायला परीक्षेत वेळ कुठला? तिनं डोळ्यांनी मला विनवलं. पुडिंग देऊ? मी मनात म्हटलं, आर्डिस, हो म्हण, मेले, हो म्हण. तोंड म्हणालं, "मी बरी आहे, तू दमली असशील." परीक्षकबाईंची पेन्सिल हलली. भरवणंच झालं नाही, पोरगी तेवढ्या एका भागात नापास. मग आम्ही जागा बदलल्या. ती पेशंट झाली, मी विचारलं, आणि ती खणखणीत म्हणाली, "हो, पाणी हवंय. दोन घोट. आणि पुडिंगही." मी पास झाले. तिच्या "हो"वर पास झाले, आणि तिला माझ्या "नको"नं पाडलं.

बाहेर पार्किंगमध्ये मी तिची माफी मागायला गेले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मावशी, तहान लागली होती ना?" मी म्हटलं, लागली होती. "मग बोलली का नाहीस गं?" दादा, एकोणसाठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी उणे तीसमध्ये उभी राहून रडले. पापण्या गोठल्या, तिनं आपल्या हातमोज्यानं सोडवल्या. म्हणाली, आमच्या घरी आई विचारतच नाही, ताट पुढे ठेवते आणि खाईपर्यंत डोक्यावर उभी राहते.

पुढच्या गुरुवारी तिची फेरपरीक्षा होती. पेशंट म्हणून मीच गेले. (मिसेस ट्रेव्हिन्यो देवाचं नाव घेत होत्या, ऐकू येत होतं.) होडननं विचारलं, पाणी देऊ का? मी गादीवरून "हो!" अशी ओरडले की परीक्षकबाईंची पाटी खाली पडली. पुडिंगलाही हो, रुमालालाही हो. पोरगी पास झाली. सोमवारपासून तिला त्याच वृद्धाश्रमात नोकरी आहे, एंगेब्रेट आजोबांच्या टेबलावर.

तर सर्टिफिकेट माझ्या हातात आहे. कवळी धुता येते, कमरेला पट्टा बांधून माणूस उठवता येतो, आणि गुडघा सोडून बाकीचंही धुता येतं. (तुझ्यासाठी मी डोळे मिटून धुवेन, काळजी करू नकोस.) आता तिसऱ्यांदा विचारते: पंधरा तारखेला मी शेतावर येऊ का?

तुझी धाकटी बहीण,
आर्डिस

ता. क. वर लिहिलंय की घरी शिकलेलं माणूस हवं म्हणून मी कॉलेजात गेले. ते खरं आहे. पण ही अट डॉक्टरांनी मला सांगितली ती नाव घातल्यावर दोन दिवसांनी.

ता. क. २. शाळेचं स्वयंपाकघर बंद झाल्यापासून मी एकटीपुरता एक बटाटा उकडते, हे तुला कधी सांगितलं नाही. फोनवर तू विचारतोस, मी म्हणते ठीक.

ता. क. ३. लायल गेला त्या वसंतात तू माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होतास, आर्डिस, शेतावर राहायला चल. मी म्हटलं, नको. तू परत म्हणालास, चल. मी म्हटलं, नको रे, तुला कशाला त्रास. मग तू घड्याळ बघितलंस, गाईंची वेळ झाली म्हणालास, टोपी घातलीस आणि गेलास. चार वर्षं झाली. दादा, तू तिसऱ्यांदा का नाही विचारलंस? वर मी जे विचारलंय ते सोड. तू मला विचार. पत्र नको, फोन कर. परीक्षकबाईंसमोर हो म्हणणं जमलं, तुझ्यासमोर पहिल्यांदा माझ्या तोंडून नकोच निघेल, मला माहीत आहे. तेव्हा फोन ठेवू नकोस.