हातांचा साचा

३ मार्च
काम मिळालं! परळच्या टॉवरच्या लॉबीत गिरणी कामगाराचा पुतळा — भंगारातून. गिरणी पाडली, टॉवर उभा केला, आता कामगाराची आठवण येते आहे. मॅनेजर हर्षवर्धन म्हणाले, "फक्त मूठ नको. निगेटिव्ह वाटतं." मग उघडे तळवे ठरले. मीही मान हलवली. बाणेदारपणा माझ्या अंगात ठासून भरलाय.

६ मार्च
धड झालं — गिरणीच्या चात्या, सायकलच्या चेनी, चाळीच्या गॅलरीचे गज. हात बाबांचेच घ्यायचे ठरवलं. त्यांना म्हटलं, "तुमच्या हातांसाठी साचा लागेल." बाबा चपला घालून निघाले ते दुपारी परतले, घामाघूम. "तीन भंगारवाले पालथे घातले. साचा नाय मिळाला."

मला प्लास्टरचा साचा हवा होता. बाबांच्या लेखी साचा म्हणजे माग. तेवीस वर्षं गिरणीत भिवा साचेवाला म्हणून त्यांनी चार साचे चालवले. गिरणगावात जन्मून मी हे विसरले!

७ मार्च
प्लास्टर. तळवे उघडे ठेवा म्हटलं, की बाबांची बोटं आपोआप चिमटीत येतात — तुटलेला धागा सांधायला. मी चारदा ओरडले, तेव्हा त्यांनी उघडले. सुकेपर्यंत स्वतःच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "हा पुतळा काय मागतोय गं?"

आजोबांना साचेखात्यात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या जातीच्या तोंडाचा बाकीच्या विणकरांना विटाळ. ते काम पुढे बाबांनी मिळवलं. त्याच हातांना मी मागायला लावलं. लाज वाटली. पण तारीख जवळ आली होती, म्हणून लाज पुढे ढकलली.

१४ मार्च
हात ओतून आले, जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपांचे. बोल्टने बसवले.

२० मार्च
अनावरण. टाळ्या, हार, सेल्फी. बाबा आले नाहीत. "पाय दुखतो."

२४ मार्च
पुतळ्याच्या तळव्यांवर आता व्हिजिटर पासचा ट्रे! हर्षवर्धननी कौतुकाने फोटो पाठवला — "यूजफुल पण झाला ना!" मी दाखवला नाही. बाबांनी माझ्या मोबाइलमध्ये पाहिला.

२६ मार्च
हर्षवर्धनचा फोन. पुतळ्याचे हात गायब! एक म्हातारा पाना घेऊन आला होता, वॉचमनने त्याला स्टूलसुद्धा दिलं. रजिस्टरमध्ये लिहून गेलाय — नाव: भिवा. कुठे जायचं: साचेखातं. काम: दुरुस्ती.

बाबा मोरीपाशी बाह्या दुमडून बसलेत. बोटं चिमटीत.

"भिजव प्लास्टर," म्हणाले.