समई आणि निकेलची टाकी

अण्णा,

आज बाजारात एक जुनी मोटार दिसली आणि मी आधी तिचा बंपर पाहिला. सवय जात नाही. आपल्या प्लेटिंगच्या कारखान्यातला तो दसरा आठवला, म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी केमिस्ट्रीची पदवी घेऊन कारखान्यात येत होते आणि तुम्ही मला फोन घ्यायला बसवत होतात. आखातातून परतलेल्या शेजाऱ्याने वडिलांची मोटार पुन्हा उभी केली होती. "अण्णा, निकाहनंतर मुलीची रुखसती, सासरी पाठवणी, याच गाडीतून होणार. बंपरमध्ये तिला तिचा चेहरा दिसायला हवा," तो म्हणाला. तुम्ही स्वतः गंज घासलात, तांबं चढवलंत, बफच्या फिरत्या चाकावर उभं राहून ते आरशासारखं केलंत. मग निकेल, वर क्रोम. बंपर बाहेर आला तो डागाळलेला, कडेला पापुद्रे सुटलेले. सगळं उतरवून पुन्हा केलंत. पुन्हा तेच. रुखसती तोंडावर आलेली.

"तळोज्याच्या मोठ्या कारखान्यात देतो पाठवून," तुम्ही म्हणालात. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवताना तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं.

"खंडेनवमीला दिवा कुठे ठेवला होतात?" मी विचारलं.

"निकेलच्या टाकीच्या काठावर. यंदा समई होती, तुझ्या आईने दिलेली."

"तेल टाकीत सांडलं?"

"सांडलं जरासं. देवाचं तेल ते."

"टाकीला ते कळत नाही, अण्णा. तेल गेलं की थर धरत नाही."

"शिकलीस म्हणून आता पूजा बंद करायची?"

"पूजा करा. समई खाली ठेवा. आणि टाकी माझ्या ताब्यात द्या."

तुम्ही टाकीपासून बाजूला झालात. मी टाकी तापवली, तेल शोषायला कोळशाची बारीक पूड घालून ढवळली, निवळू दिली. "ताई काळी कॉफी करतायत," कामगार हसले. गाळायच्या कापडाचं दुसरं टोक मात्र तुम्हीच धरलंत.

या वेळी बंपरमध्ये छपराचा पत्रा खिळ्यांसकट दिसला. शेजारी वाकला, त्यात मिशी नीट केली. "अण्णा, तुमच्या हाताला बरकत आहे."

"माझ्या नाही. टाकी हिची आहे," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन तुम्ही घेऊ लागलात.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगते. तेव्हा मी गंभीर चेहरा ठेवून आत गेले, मोरीत नळ मोठा सोडला आणि एकटीच पोटभर हसले. तुम्हाला ऐकू गेलं असावं, असं मला अजून वाटतं.