तुमच्या कागदावरचा शेवटचा ठिपका

गुरुजी, हे लिहून देणाऱ्याचे वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा वसमतच्या तहसील कचेरीसमोर बसून अर्ज लिहिण्याचा, तोही आता सोडलेला. नाव लिहीत नाही; ते हजेरीपटावर सर्वप्रथम तुम्हीच लिहिले होते. माझ्या हातच्या अर्जात स्वल्पविराम चुकला असे कोणत्याही साहेबाने कधी म्हटले नाही. वकील मंडळीसुद्धा आपले मसुदे माझ्यापुढे ठेवून म्हणत, "मामा, ते ठिपके-बिपके जरा बराबर करून द्या."

ही विद्या तुमची. आपल्या पोथ्यांत नुसते उभे दंड असत, ही विरामचिन्हे इंग्रजीतून आली. आलेल्या पाहुण्याला ज्याच्या त्याच्या पाटावर बसवावे तसे त्यांना बसवावे, असे तुम्ही सांगत होता. पाटीवर ओळ लिहायची, मोठ्याने वाचायची, जिथे दम घ्यावा लागेल तिथे ज्वारीचा एक दाणा ठेवायचा, जिथे थांबावे लागेल तिथे दोन. दाणे योग्य जागी पडले तरच ते उचलून एकाच्या जागी स्वल्पविराम, दोनांच्या जागी पूर्णविराम काढायचा. एकदा माझी पाटी तुम्ही साऱ्या वर्गात फिरवलीत. ती पाटी मी त्यानंतर साठ वर्षे मनात फिरवीत आलो.

मग साक्षरतेचे वर्ग निघाले आणि निवृत्तीनंतर तुम्ही दुपारी ओसरीवर बायकांना शिकवू लागलात. त्यांत ती होती, तुमच्या शेजारची, हळद शिजवण्याच्या कढईवर कामाला जाणारी, बोटे कायम पिवळी. मी दर रविवारी तुमच्याकडे येई आणि तुम्ही माझी विचारपूस करण्याआधी तिची वही पुढे सरकवीत असा. वहीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. तसे मी बोलून दाखवले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते जाऊ दे. ही थांबते कुठं ते बघ." मी पाहिले. ती योग्य जागी थांबत होती. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

तुम्ही अंथरूण धरल्यावर निरोप आला की शेवटचे चार शब्द लिहून ठेवायचे आहेत. मी नवे निब बसवून, आखीव कागद घेऊन आलो. खाटेशेजारी बसून पेनाचे टोपण काढतो तोच तुम्ही म्हणालात, "तू नको. तिला लिहू दे."

"काहून, गुरुजी?"

"तू माझं बोलणं सुधारशील. जलमभर लोकांचं सुधारत आलास. मला माझंच पाहिजे. तू साक्षीला ऱ्हा."

ती हसली. "अवो गुरुजी, मामाचं तोंड तर पाहा! हळद न लावताच पिवळं पडलं." तुम्हीही हसलात, खोकला येईपर्यंत.

तुम्ही सांगत गेलात: तेराव्याचे जेवण घालू नये, पुस्तकांची पेटी बायकांच्या वर्गाला द्यावी, फळा शाळेत पोहोचवावा. तिने पदराची गाठ सोडून दाणे काढले आणि तुमच्या श्वासाबरोबर ती ते कागदावर ठेवत गेली. मी दहाव्या वर्षानंतर कधी दाणा ठेवला नव्हता. तुम्ही तिच्या बोटांकडे पाहत होता. तसे पाहणे मी ओळखतो. ते एके काळी माझ्या वाट्याचे होते.

"आता एकच सांगायचं ऱ्हायलं," तुम्ही म्हणालात, "जरा पडू दे मला," आणि तुमचा डोळा लागला. तिने दाणे उचलून चिन्हे काढली, पण अखेरच्या शब्दापुढचा एक दाणा तसाच ठेवला. "याला हात लावू नका, मामा. गुरुजी अजून बोलायचे हायेत," असे सांगून ती चहा टाकायला आत गेली. मी तो दाणा उचलला, अंगणातल्या कोंबडीला टाकला, त्या जागी माझ्या पेनाने पूर्णविराम दिला आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

दिवेलागणीला तुम्ही जागे झालात, पण मघाचे काही आठवेना. "वाच," म्हणालात. तिने वाचले आणि ठिपक्यापाशी येऊन ती थांबली.

"संपलं?"

"ठिपका हाय, गुरुजी. ठिपक्यावर थांबायचं, तुमीच शिकवलं." हे ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

"मग संपलंच म्हणायचं," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या सकाळी तुम्ही गेलात.

उरलेले बोलणे माझ्याविषयी असते, असा माझा दावा नाही. ते तिच्या कौतुकाचे असणार अशी माझी खात्री होती, आणि त्याखाली मला सही करावी लागली असती. म्हणून ठिपका दिला. हा कागद तुमच्यापर्यंत पोहोचणे नाही. तिच्यापर्यंत पोहोचू शकतो; ती अजून त्याच घरात राहते आणि चष्मा लावून बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिलाही तो देणार नाही.

ठिपका देताना हजर असलेले: तुम्ही, झोपेत. ती, चुलीपुढे, माझ्याकडे पाठ करून. आणि मी, पूर्ण जागा.