धुळाच्या वहाणा

आटपाडी, ३ मार्च १९४६

धुळा जिवंत आहे! माझी खात्री आहे.

पलटणीतल्या दोस्ताच्या घरी सांत्वनाला आलो, तर दारातच त्याच्या वहाणा — तेल चोळून मऊ केलेल्या! बायको राहीबाई — कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा. आई हरणाबाईंनी गूळपाणी दिलं, राहा म्हणाल्या. दोघींनी धुळाचं नावही काढलं नाही. मग मीही गप्प बसलो. बघू तरी.

इटलीतल्या त्या नदीत तो माझ्या पुढंच होता. गोळी लागली, पाण्यात गेला. प्रेत सापडलं नाही. आता वाटतं, खाली कुठं तरी काठाला लागला असेल. आणि तिथून घर गाठलं असेल.

४ मार्च

घरात जेवणारे आम्ही तिघं. तरी राहीबाईनं एक भाकरी जास्त थापली, फडक्यात बांधली, माळाकडं गेली. कुणाला, म्हणून विचारलं. "हाय एकजण," म्हणाली आणि मान वळवली.

५ मार्च

पळपुटा! मी तुझ्यासाठी रडलो रे, आणि तू इथं बायकोच्या हातची भाकरी खातोस.

६ मार्च

आज तिच्या मागोमाग गेलो. शिव्या तोंडात तयारच होत्या. माळावर धुळाचं कुत्रं बसलेलं, पलटणीत सांगायचा तेच. राहीबाईनं भाकरी मोडून त्याच्यापुढं टाकली. मला बघून दचकली नाही. "त्यांच्या वाटणीची हाय. घरात कुणी खाईत न्हाई."

घरी आल्यावर हरणाबाईंनी देव्हाऱ्यामागून पुरचुंडी काढली. आत चांदीचा टाक — घोड्यावर बसलेला वीर. लढाईत गेलेल्या माणसाचा असा टाक करून देवांत बसवतात.

"तार आली तवाच घडवला. पर बसवला न्हाई. कागदाला डोळं अस्त्यात व्हय? बघणारा माणूस यील म्हून थांबलो. तू आल्यापासनं वाट बघतोय आमी, कवा बोलशील. तू बघितलंस का रं लेकरा?"

उद्या सांगतो म्हणालो आणि बाहेर येऊन बसलो. गोळी त्याच्या कपाळात लागली होती. मला ते पहिल्यापासून माहीत होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही, या वहीलासुद्धा नाही. धुळा पळपुटा निघाला असता तर मी आयुष्यभर त्याला शिव्या दिल्या असत्या — फार आनंदानं.

७ मार्च

"बघितलं," म्हणालो. राहीबाईनं कपाळ पुसलं, मग दारातल्या वहाणा उचलून आत नेल्या. धुळा इटलीत मेला नव्हता. आज मेला, माझ्या तोंडून.