अडलेलं फ्रीव्हील

११ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा सायकलच! ह्यांनी आज माळ्यावरून जुनी रेसर काढायला लावली. कंपवात झाल्यापासून घरातल्या घरात चालताना पाय जमिनीला चिकटतात, दाराशी तर हमखास अडतात — आणि म्हणे सायकल चालवणार! मागच्या चाकावरचे गिअरचे दाते, म्हणजे फ्रीव्हील, पार झिजलेत, चेन घसरते. "फ्रीव्हील बदललं का झालं," म्हणाले. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, झिजलेत तेच बरं.

१२ नोव्हेंबर

ओवीचा फोन. आमची पोरगी मराठीत ऐकते, हिंदीत रागावते. "मम्मी, पापा गिर गए तो? बनवाना ही मत!"

१४ नोव्हेंबर

सदर बाजारात भार्गव भैयाच्या सायकलच्या दुकानात चाक नेलं. त्याने फ्रीव्हील काढायला त्याच्या मधल्या खाचांत पाना बसवला, पाइप लावून जोर केला. ढिम्म हललं नाही! "जाम है दीदी, नया चक्का डलवा लो." मला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

घरी सांगितलं तर हे हसले. "जितकं पेडल मारावं तितकं ते घट्ट बसते, विनीता. रोज ऑफिसले त्याच्यावरच गेलो ना मी. निघंल."

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज ऑटोने हेही दुकानात आले. पाना टेबलावरच्या वाइसच्या शिकंज्यात आवळायला लावला, चाकच त्याच्यावर आडवं ठेवलं. आता रिम दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवायची. भैया पुढे झाला तर हे म्हणाले, "हम दोनों करेंगे!"

माझ्या हातांशेजारी त्यांचे हात. त्यांची थरथर रिममधून माझ्या तळव्यांत येत होती. मी जोर लावल्यासारखं केलं. त्यांना कळलंच. "काहून घाबरून राहिली? पडलो तं पडलो. मले एकदा पाहू तं दे."

मग मी खरा जोर लावला. जीव खाऊन. कट्ट — निघालं! आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो. भैयाने लगेच नवं बसवून दिलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बूढातालाबजवळ, तळ्याकाठच्या रिकाम्या रस्त्यावर. मी सीट धरलेली. पहिलं पेडल, दुसरं — पाय अडलेच नाहीत! दाराशी अडणारे तेच पाय! माझा हात सुटला. हे पुढे, मी धापा टाकत मागे. "विनीता, पाय चालून राहिले ना!" मी रस्त्यातच रडले.

१८ नोव्हेंबर

भैयाला सांगितलं, माझ्यासाठी एक लेडीज सायकल बघ. मागून धावणं मला जमायचं नाही.