जावईबापूंचा कोंचा

१७ मे, रविवार
अधिकमास लागला. ईश्वरीच्या लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाचा पहिला धोंडा. प्रभावतीने लगेच पुरणाच्या धोंड्यांचा विषय काढला. तिथेच थांबवलं. जावई शंतनुराव कंपनीतर्फे दोन वर्षं मेक्सिकोत होते. साखरपुड्यात म्हणाले होते, तिकडे रोज सकाळी कोंचा खायचो. कोंचा म्हणजे गोल गोड पाव, वर लोणी-साखरेचा शिंपल्यासारखा थर. पुरण काय, सगळेच घालतात. यंदा कोंचा. मी स्वतः करणार.
प्रभावतीने विचारलं, आजवर चहा तरी केलाय का. दुर्लक्ष केलं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंय. पाव म्हणजे शेवटी रसायनच.

२१ मे, गुरुवार
ओव्हन आला. व्हिडिओ पाहिला. स्पॅनिशमध्ये आहे, पण हातवारे स्पष्ट आहेत. अधिकमास म्हणून अंडं रद्द, त्याऐवजी दही. शेजारच्या दत्तरावांना सहज सांगितलं. त्यांनी गल्लीभर सांगितलं. बरंच झालं.

२३ मे, शनिवार. दुपार
पहिला प्रयोग. मळलेलं पीठ उबदार जागी झाकून ठेवायचं असतं. गच्चीवर ठेवलं. परभणीत उबेला काय तोटा! आज चव्वेचाळीस.
संध्याकाळ
पीठ परातीतून उतरून पाण्याच्या टाकीपाशी पोचलं होतं. वास ताडीचा. प्रभावतीने नाकाला पदर लावला. प्रयोगात असं होतं, हे तिला कोण सांगणार.

२६ मे, मंगळवार
दुसरा प्रयोग. या वेळी फ्रीजमध्ये. ढिम्म फुगलं नाही. यीस्ट सजीव असतं म्हणे. म्हणजे हे जीवशास्त्र झालं, माझा विषयच नव्हे. तरी रविवारी जावयाच्या ताटात कोंचा नक्की.
प्रभावतीने विचारलं, थोडी हरभऱ्याची डाळ निवडून ठेवू का. चिडलो. घरच्यांनीच भरवसा दाखवायचा नाही तर कुणी? डाळ परत डब्यात गेली.

३० मे, शनिवार
ईश्वरी आणि जावई आले. ईश्वरी हळूच म्हणाली, बाबा, आईला चार धोंडे करू द्या, ताडकळसहून सासूबाई लय विचारायल्यात. म्हणालो, दोन पदार्थ केले तर कोंचाची किंमत काय राहिली?

३१ मे, रविवार. सकाळ
पीठ फुगलं! अगदी व्हिडिओतल्यासारखं! ट्रे ओव्हनमध्ये.
थोड्या वेळाने
लाईट गेली.
संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. लोणी-साखर वितळून ट्रेच्या तळाशी. पाव आत कच्चे. तव्यावर भाजले, तर खालून कोळसा. माझे हात पिठाने बरबटलेले, म्हणून जावयाचे पाय धुवायचे राहूनच गेले. शंतनुरावांनी एक अख्खा खाल्ला. मधे दोनदा पाणी मागितलं. मग म्हणाले, मामा, तिकडे दुसरं काही मिळायचं नाही म्हणून कोंचा खायचो. धोंडे कुठले तिथे.
प्रभावती ताटाकडे बघत उभी राहिली.  रागावली असती तर बरं झालं असतं.
नंतर ताडकळसचा फोन. मी ट्रे घेऊन दाराआड. ईश्वरी सासूबाईंना सांगत होती, हो आई, लय छान झाले धोंडे, एकदम मऊ, आमच्या आईनंच केले. माझी पोर खोटं बोलत नाही. आज माझ्यापायी बोलली. फार शरम वाटली. तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही.

२ जून, मंगळवार
ईश्वरी आठवडाभर राहणार आहे. शंतनुराव रविवारी पुन्हा येतील, अजून अधिकमास आहे. प्रभावती डाळ निवडत बसली आहे. मदतीला सुपात हात घातला आणि म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, सुपातून हात काढा.
ओव्हन दत्तरावांकडे दिला. त्यांनी आधी आत डोकावून पाहिलं.
ईश्वरीने मला एकच काम दिलंय. जावयाचे पाय धुवायचे. तांब्या घासून लख्ख केला. पाणी जरा कोमट असलेलं बरं, गच्चीवर ठेवू का, असं विचारलं.
दोघी एकदम नको म्हणाल्या.