सुमेधच्या हनुवटीचे दोन टाके

प्रिय नूतन,

काल भाजीबाजारात तुझ्या सासूबाई भेटल्या. तुझ्या सुमेधचे टाके निघाले, जखम भरली, व्रण तेवढा राहील म्हणाल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मनावर नको घेऊ वो बाई, यशू लेकरूच हाय." मी मान हलवली आणि वांगी निवडत राहिले. घरी येऊन तुला व्हॉट्सॲपवर लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी यशूच्या वहीतली दोन पानं फाडून घेतली. माहेरी लामत्याला आपण एकमेकींना लांबलचक चिठ्ठ्या लिहायचो, तशीच ही समज. फक्त ही वाचताना तू हसणार नाहीस.

आधी जुनं सांगते, कारण सगळं तिथूनच आहे. तुमच्या ओसरीत बसून आपण शिक्षक भरतीचा अभ्यास करायचो. तुला गणित यायचं नाही, ते मी शिकवलं. बालविकासाच्या नोट्स माझ्या हातच्या, तुझ्याकडे त्यांची झेरॉक्स. परीक्षेच्या दिवशी तू जबलपूरला गेलीस आणि मी नववा महिना घेऊन, पाय सुजवून माहेरच्या खाटेवर पडून होते. निकाल लागला तेव्हा तू पेढे घेऊन आलीस. यशू माझ्या अंगावर पीत होती. तू म्हणालीस, "तुयाच नोट्सनं झालं पौर्णिमा." तू मनापासून म्हणालीस, हे आज कळतं. तेव्हा तो पेढा मला गिळवत नव्हता. त्यानंतर पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी कधी भरला नाही. आमच्या ह्यांनी, हेमराजनी, दोनदा आणून दिला होता. त्यांना सांगितलं, पोरगी लहान आहे. खरं म्हणजे तू पहिल्याच प्रयत्नात पास झालीस, मी नापास झाले असते तर काय, ही भीती होती.

गेल्या रविवारी सुमेधच्या वाढदिवसाला तुमच्या घरात पाय ठेवला आणि सगळ्यांत आधी पडदे दिसले. पिवळे, नवे. राहुल भावजी स्वतः ताटल्या पुसत होते. आमचे हे बैहरच्या बसवर कंडक्टर, सणावारालाही सुट्टी नाही. तू निळी साडी नेसलेली, दारात उभी राहून एकेका लेकराचं स्वागत करत होतीस. मी मनात म्हणत होते, इथंही शाळाच भरवली हिनं. आणि खरंच भरवली होतीस. भेटवस्तू दोन हातांनी द्यायची. सुमेधबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. लहानांना आधी सरबत. फुगा फुटला तर दुसऱ्याचा ओढायचा नाही, नूतन मावशीला सांगायचं. माझी यशू, जी घरी मी दहादा सांगून पाणी देत नाही, ती तुझ्या एका शब्दावर छोट्या पोरींना ग्लास धरून पाजत होती. सुमेधबद्दल ती म्हणाली, "ये मुझे झूले पे पहले बैठने देता है." सगळ्या बायांनी कौतुक केलं, पण तुझ्याकडे बघून. जणू लेक तुझी. तुझ्या सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, आमची सून वर्गातली चाळीस पोरं अशीच सांभाळते.

मग संगीत खुर्ची. एकेक पोर बाद होत गेलं आणि एका खुर्चीभोवती सुमेध आणि यशू उरले. बाया ओरडत होत्या, "सुमेध, सुमेध!" त्याचा वाढदिवस, ओरडणारच. गाणं थांबलं, दोघं एकदम धावले, यशूनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं आणि त्याची हनुवटी खुर्चीच्या कडेवर आपटली. रक्त बघून तू पांढरी पडलीस. राहुल भावजी त्याला मोटरसायकलवर घेऊन गेले, मागे शेजारचे दुलीचंदभाऊ लेकराला धरून बसले. इकडे कोणीतरी म्हणालं, "पोरगी मारकीच दिसते." मी सगळ्यांसमोर यशूच्या पाठीत धपाटा घातला. मोठ्यानं विचारलं, "काहून ढकललं त्याले?" तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

तू तिला माझ्या हातातून सोडवलंस. तुझं पोर रक्तबंबाळ होऊन गेलेलं, आणि तू माझ्या पोरीला मांडीवर घेऊन तिचं नाक पुसत होतीस. सगळ्यांत जास्त राग मला त्या क्षणी आला. तू चिडली असतीस, आमच्या घराण्याचा उद्धार केला असतास, तर मला मोकळं वाटलं असतं. तू तिथंही माझ्यापेक्षा मोठी निघालीस.

दोन टाके पडून, पट्टी बांधून सुमेध परत आला तोवर अर्धे लोक निघून गेले होते. केकवरच्या मेणबत्त्यांना फुंकर घालायला गेला तर हनुवटी ओढली गेली, त्याला रडू आलं. मग त्यानंच हाक मारली, "यशू दीदी, तुम फूँको ना." ती गेली, त्याच्या शेजारी उभी राहिली, पाचही मेणबत्त्या विझवल्या आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. हातात पर्स होती, असं मी स्वतःला सांगितलं.

आता जे कोणालाच माहीत नाही ते लिहिते. शेवटची फेरी सुरू होण्याआधी यशू पाणी प्यायला माझ्याकडे आली होती. ती म्हणाली, "आई, सुमेधले जिंकू देऊ का? त्याचा बड्डे हाय." तिच्या मनात आपणहून आलं होतं ते. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "काही गरज नाही. त्याले सगळंच भेटते. ढकल, पण बसू देऊ नको." हे शब्द माझे, नूतन. साडेसहा वर्षांच्या लेकरानं आईचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. आणि त्यासाठी तिला धपाटाही मीच घातला.

घरी हेमराजनी तिला जवळ घेऊन विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "माहीत नाही." माझं नाव तिनं घेतलं नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, आणि मीही बाहेर आले नाही. गुरुवारी आमच्या गल्लीतल्या गीताच्या मुलीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. यशू म्हणाली, "मी नाही जात. मी पोरायले पाडतो." तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तिला कुशीत घेऊन म्हटलं, चूक तुझी नाही, माझी आहे, मीच सांगितलं होतं तुला. तिनं माझ्या कुशीतून मान बाहेर काढली. मग म्हणाली, "हौ. पण सगळ्यायले काहून नाही सांगितलं?"

म्हणून हे पत्र. उद्या रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की त्याच सगळ्या बाया पाणी प्यायला थांबतील. तिथं यशूचा हात धरून मी उभी राहणार आहे आणि तिच्या कानात काय सांगितलं होतं ते शब्द न बदलता सांगणार आहे. तुला ते पहिल्यांदा गर्दीत ऐकावं लागू नये, म्हणून आधी लिहिलं. तुझ्यावर जळणं संपलं असं खोटं लिहीत नाही, ते उद्यासुद्धा असेल. त्यानंतर तू बोलली नाहीस तरी चालेल. फक्त मी बोलत असताना सुमेधला समोर बसव. त्याला ऐकू दे, यशू दीदी त्याला जिंकू देणार होती.

सात वर्षं तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
पौर्णिमा